श्रेयनामावलीत नाहीत, पण रिळावर आहेत: चित्रपट घडवणारी विसरलेली माणसं शोधायची कशी?

रीळवाचक (धागाकर्ता)

जुन्या चित्रपटाची श्रेयनामावली म्हणजे काम करणाऱ्यांची हजेरी नव्हे. कोणाचं नाव पडद्यावर द्यायचं हे निर्माता ठरवायचा. निगेटिव्ह कापणारे, रंग भरणारे, पाट्या लिहिणारे, रसायनं कालवणारे यांना तिथे कित्येक दशकं जागाच नव्हती. यात बायका पुष्कळ होत्या, कारण ही कामं 'नाजूक हातांची' म्हणून कमी मजुरीत त्यांच्याकडे सोपवली जायची.

त्यांच्या खुणा संग्रहालयात सापडतात, पण ज्याला आपण चित्रपट म्हणतच नाही त्या भागात: सुरुवातीचा लीडर (रिळाच्या टोकाची चित्रपटाबाहेरची पट्टी), फिल्मचा काठ, जोड, डब्याचं झाकण, डब्यात दुमडून ठेवलेलं कार्ड. स्कॅनिंग करताना नेमका हाच भाग आधी कापला जातो, म्हणून हा धागा.

टेबलावर डबा आला की पहिलं काम फोटोचं. झाकण, कड, तळ, सगळ्याचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. मग उघडा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट (फिल्मचा पाया) कुजायला लागलं आहे. ए-डी पट्टी (आम्लानुसार रंग बदलणारी कागदी पट्टी) डब्यात टाकून, झाकण लावून, खोलीच्या तापमानाला किमान २४ तास ठेवा. रंग तिच्या मापावर १.५ च्या पुढे गेला असेल तर कुजण्याचा वेग आता आपोआप वाढत जाणार, ते रीळ रांगेत पुढे घ्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं ३५ मिमी रीळ नायट्रेट, म्हणजे सहज पेटणारं, असू शकतं. शंका असेल तर थांबा आणि प्रशिक्षित माणसाला बोलवा, कारण ते पेटलं की स्वतःच ऑक्सिजन सोडत राहतं आणि पाण्यानं विझत नाही.

नंतर आकुंचन मोजा. ३५ मिमीच्या ताज्या पॉझिटिव्हवर (पडद्यावर दाखवायच्या प्रतीवर) लागोपाठच्या १०० छिद्रांचं अंतर ४७५ मिमी भरतं. ४७१ च्या आसपास आलं म्हणजे साधारण ०.८ टक्के आकसली. ४७० किंवा खाली असेल तर दातेरी चाकाच्या यंत्रावर चढवू नका, छिद्रं फाटतील. दोन हातचाकांवर सावकाश गुंडाळत, खालून थंड एलईडी उजेड देऊन, ८ किंवा १० पट भिंगानं वाचा. सुती हातमोज्यांचे धागे फाटक्या छिद्रांत अडकतात, नायट्राइलचे वापरा.

भिंग

उत्तम धागा. काठाबद्दल भर घालते, कारण इथे घोळ फार होतो.

कोडॅकनं १९१६ पासून काठावर वर्षाची खूण छापली: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि त्यांच्या जोड्या. खुणा दर २० वर्षांनी परत येतात. एक वर्तुळ म्हणजे १९१६, १९३६, १९५६ किंवा १९७६. चौकोन १९१७, १९३७ असा पुढे. चारांपैकी कुठलं ते ठरवायला इतर पुरावा लागतो: नायट्रेट की 'सेफ्टी' (सहज न पेटणारी), ध्वनिपट्टी आहे का, काळीपांढरी की रंगीत. हे वर्ष कच्ची फिल्म बनल्याचं आहे, चित्रीकरणाचं नाही. फिल्म वर्ष-दोन वर्षं पडून राहू शकते.

मोठी चूक पुढे होते. पॉझिटिव्ह प्रिंटच्या काठावर दोन पिढ्यांच्या खुणा एकत्र दिसू शकतात. त्या प्रिंटची स्वतःची खूण काळी असते. निगेटिव्हवरून छापून आलेली खूण पांढरी, पारदर्शक दिसते. काळ्या खुणेवरून 'हा चित्रपट १९५६ चा' असं लिहिलं जातं, प्रत्यक्षात १९५६ हे त्या प्रतीच्या कच्च्या फिल्मचं वर्ष असतं आणि मूळ निगेटिव्हचं वर्ष शेजारी पांढऱ्यात दिसत असतं. वर्ष चुकलं की त्या वर्षीच्या पगारपत्रकात शोधलेली माणसंही चुकीची निघतात.

सायली_क

मूकपटांच्या रंगांबद्दल कोणी लिहील का? हातानं रंगवलेलं आणि यंत्रानं रंगवलेलं कसं ओळखायचं? आणि त्या रंगवणाऱ्यांची नावं कुठे मिळतात का?

रंगपेटी

सायली, आधी ओळख. संपूर्ण पट्टी, छिद्रांच्या आजूबाजूचा काठसुद्धा, एकाच रंगात असेल तर टिंटिंग: फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवलेली. पांढरा भाग पांढराच आणि फक्त काळ्या-करड्या भागाला रंग असेल तर टोनिंग, म्हणजे चांदीचंच रूपांतर. हातानं रंगवलेल्या फ्रेममध्ये रंग रेषेबाहेर सांडतो आणि त्याची कड प्रत्येक फ्रेमला बदलते. लागोपाठ पाच-सहा फ्रेम पाहिल्या की एकाच झग्याचा डाग इकडेतिकडे सरकलेला दिसतो. स्टेन्सिल असेल तर कड धारदार आणि स्थिर असते.

स्टेन्सिल 'यंत्राचं' म्हणून त्यातली माणसं पुसू नका. पॅरिसमधल्या पाथे कंपनीत प्रत्येक रंगासाठी एकेक वेगळी प्रिंट कापली जायची. कामगार बाई मोठ्या केलेल्या चित्रावर आकाराची कड गिरवायची आणि पँटोग्राफला (आकार लहान करून उतरवणाऱ्या साधनाला) जोडलेली सुई तोच आकार फिल्मवर कापायची, फ्रेममागून फ्रेम. मग कापलेल्या पट्टीवरचं जिलेटिन धुऊन ती प्रिंटला चिकटून चालवायची आणि मखमली पट्ट्यानं रंग लावायचा. एक फूट ३५ मिमी म्हणजे १६ फ्रेम. १००० फुटांच्या रिळात १६,००० फ्रेम होतात. तीन रंग असतील तर कापणीचं काम तिप्पट.

नावांचं म्हणाल तर एलिझाबेथ थुइलिए हे नाव टिकलं. पॅरिसमध्ये तिची रंगशाळा होती, मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाचे चित्रपट तिथे हातानं रंगायचे. तिनंच नंतर एका मुलाखतीत सांगितलं की तिच्याकडे दोनशेहून अधिक कामगार होत्या, आणि प्रत्येक जण एकच रंग लावायची. त्या दोनशेंची यादी नाही. मेलिएसच्या १९०२ च्या चंद्रयात्रेच्या चित्रपटाची रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती दगडासारखी चिकटून बसली होती. थर सोडवून, तुकड्यातुकड्यानं डिजिटल करून, ती २०११ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. पुनरुज्जीवनाचं कौतुक खूप झालं. त्या प्रतीत डोळ्यांना जे दिसतं ते बऱ्याच अंशी ज्या कोणी ती रंगवली त्यांचंच काम आहे, तेही बोललं जावं.

टिंट केलेल्या प्रतीतली आणखी एक खूण. जिथे रंग बदलतो तिथे जोड असतो, कारण निळ्या पाण्याचे तुकडे वेगळे, पिवळ्याचे वेगळे, आणि सगळं कथेच्या क्रमानं नंतर जोडायचं. त्यासाठी तुकड्याच्या टोकाला क्रमांक खरवडलेला किंवा शाईनं लिहिलेला असतो. हे आकडे जोडणी करणाऱ्यांच्या सोयीचे होते. आकड्याच्या वळणावरून दोन-तीन वेगवेगळे हात ओळखू येतात. नाव कळत नाही, पण 'किमान तीन व्यक्ती' एवढं नोंदवता येतं आणि ते नोंदवावं.

रीळवाचक

+१. 'किमान तीन हात' ही नोंद मी कुठल्याच सूचीत पाहिलेली नाही, आणि ती असायला हवी.

मंदार_जोशीपुरा

लीडरमध्ये एखाद्या बाईचा चेहरा आणि शेजारी रंगांच्या पट्ट्या दिसतात. तो चित्रपटाचा भाग नसतो. ते काय असतं?

प्रयोगशाळा

मंदार, ते लॅबचं मोजमापाचं चित्र. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिजिटल येईपर्यंत जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत होती. त्वचेचा रंग बरोबर आला की बाकीचे रंग साधारण जागेवर येतात, म्हणून चेहरा, आणि शेजारी करडा आणि इतर रंगांचे तुकडे. तीन-चार फ्रेम, बस. प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. दिसलेच तर प्रोजेक्शन करणाऱ्याला. चेहरे बहुतेक वेळा लॅबमध्येच नोकरी करणाऱ्या बायकांचे असायचे. चित्रपट तंत्रज्ञांत या चित्राला 'चायना गर्ल' म्हणत. शिकागोच्या एका संस्थेनं हे चेहरे गोळा करून 'लीडर लेडीज' या नावानं मांडले आहेत, आणि ते नाव अधिक बरं.

१९७० च्या दशकात कोडॅकनं करड्या रंगाची ठरावीक घनता असलेली एलएडी (लॅबोरेटरी एम डेन्सिटी) पद्धत आणली, ती फ्रेमही बहुधा एका बाईच्या चेहऱ्यासोबतच येते. प्रिंटरच्या, म्हणजे फिल्मची प्रत काढणाऱ्या यंत्राच्या, दिव्यांचे आकडे १ ते ५०. लाल, हिरवा, निळा असे २५-२५-२५ म्हणजे मधली जागा. तिथे करडा करडाच आला पाहिजे, नाहीतर रसायन किंवा यंत्र सरकलं आहे.

उपयोग असा: एकच चेहरा, तेच कपडे, त्याच पट्ट्या वेगवेगळ्या चित्रपटांच्या लीडरमध्ये दिसल्या, तर त्या प्रती बहुधा एकाच लॅबमधून साधारण एकाच काळात निघाल्या. तक्ता करा: चित्रपट, रीळ क्रमांक, काठाची खूण, पट्ट्यांचा क्रम, कपड्यांचं वर्णन. लॅबचं नाव एका रिळावर मिळालं की बाकीच्यांना आधार मिळतो, आणि लॅब कळली की कामगारांच्या नोंदी शोधायला दिशा मिळते. अडचण ही की रिळाचं टोकच सर्वांत जास्त झिजतं. यंत्रात अडकवताना फाटतं, कापलं जातं, नवीन लीडर लागतो. म्हणून क्वचित चाललेली रिळं आधी तपासा.

भिंग

निगेटिव्ह कापणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

संकलक वर्कप्रिंटवर (कामापुरत्या काढलेल्या प्रतीवर) निर्णय घेतो. मूळ निगेटिव्हला कात्री लावणारी व्यक्ती वेगळी. ३५ मिमी निगेटिव्हच्या काठावर दर फुटाला, म्हणजे १६ फ्रेमना, क्रमांक छापलेला असतो. वर्कप्रिंटवर तोच उमटतो. कापणारी व्यक्ती क्रमांक जुळवते, दोन क्रमांकांमधल्या फ्रेम मोजते आणि कापते. सिमेंटच्या जोडासाठी एका टोकावरचा इमल्शनचा, म्हणजे चित्राचा, थर खरवडून दुसरं टोक त्यावर चढवावं लागतं, त्यात शेजारच्या फ्रेमचा भाग खर्ची पडतो. चुकीच्या फ्रेमवर कापलं तर तो शॉट पूर्ववत होत नाही. १६ मिमीत जोड पडद्यावर दिसू नये म्हणून शॉट आलटून पालटून ए आणि बी अशा दोन रिळांत ठेवतात, मध्ये काळा लीडर.

एवढ्या जोखमीचं काम, आणि नाव क्वचित. सापडतं कुठे? डब्यातल्या ग्रेडिंग कार्डावर. त्यावर शॉटचा क्रमांक, फुटेज आणि दिव्यांचे आकडे असतात, आणि कोपऱ्यात आद्याक्षरं. कार्ड आणि निगेटिव्ह एकमेकांपासून तोडू नका. 'कागद कागदांच्या विभागात' या शिस्तीपायी कार्ड दुसऱ्या इमारतीत गेलं की ती आद्याक्षरं कोणत्या रिळाची हे कोणालाच कळत नाही. जागा वेगळी ठेवायचीच असेल तर दोन्हीकडे एकच क्रमांक टाका.

एका चित्रपटात मात्र संकलक स्वतः पडद्यावर आहे. १९२९ च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मध्ये एलिझावेता स्विलोवा टेबलाशी बसून फिल्म निवडताना आणि जोडताना दिसते. तिचे हात, तुकड्यांचे फडताळ, उजेडाचं टेबल, सगळं. त्या काळच्या संकलनाच्या खोलीची रचना समजून घ्यायला ती दृश्यं फ्रेम थांबवून पाहावीत.

त्र्यंबक_न

सरस्वतीबाई फाळके यांचं नाव इथे यायलाच हवं. १९१२-१३ मध्ये फाळक्यांनी आणलेल्या कच्च्या फिल्मला छिद्रं पाडायची असत. ते काम, धुलाई, रसायनं, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरणं, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे त्यांनी केलं. श्रेयनामावलीत नाही. मग रिळावर त्यांची खूण दिसते का?

रीळवाचक

तत्त्वतः दिसू शकते. कॅमेरा फिल्मला छिद्रात पकडून खाली ओढतो. छिद्रांमधलं अंतर कमीजास्त असेल तर दोन फ्रेममधली काळी रेघ कधी जाड, कधी बारीक होते. म्हणजे छिद्रं पाडणाऱ्या हाताचा हिशेब फ्रेमरेषेत उतरतो.

प्रयोगशाळा

सावकाश. फ्रेमरेषा हलायला कारणं अनेक. कॅमेऱ्याच्या पंज्याची (फिल्म ओढणाऱ्या दातांची) झीज, प्रत काढताना आकसलेली निगेटिव्ह, प्रिंटरमधली घसर. फरक ओळखायचा तर लय शोधा. एका ठोक्याला ठरावीक संख्येची छिद्रं पाडणाऱ्या यंत्रात ठोका आणि ठोका यांच्या सांध्यावर चूक होते, म्हणून ती ठरावीक फ्रेमनंतर परत येते. फिल्म आकसली असेल तर फरक सावकाश आणि एका दिशेनं सरकतो. पंज्याची झीज बेभरवशाची. किमान २०० फ्रेमच्या रेषांची जाडी मोजून आलेख काढा, त्याशिवाय विधान करू नका.

शिवाय जे टिकलं आहे ती मूळ निगेटिव्ह आहे की प्रतीची प्रत, हे आधी ठरवा. प्रतीच्या छिद्रांवर मूळ छिद्रांचं काहीच सिद्ध होत नाही. मूळ छिद्रांची सावली छापून आली असेल तरच.

भिंग

हे पटलं. आणि म्हणूनच चित्र 'स्थिर' करणारं सॉफ्टवेअर चालवण्याआधीचं कच्चं स्कॅन कायम जपायचं. स्थिर केलेल्या प्रतीत ही हालचाल नाहीशी होते, आणि तिच्यासोबत तो पुरावाही. प्रेक्षकांसाठी स्थिर प्रत करा, जरूर करा, पण तीच एकमेव प्रत ठेवू नका.

सरस्वतीबाईंच्या बाबतीत रिळापेक्षा कागद पक्का आहे. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांच्या कामाचा उल्लेख आहे. नवऱ्यानं लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. इतर कंपन्यांमध्ये तेच काम करणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलंच नाही.

कागदपत्रे

मग कागदांवर येऊ. शोधायचा क्रम माझ्या मते असा: रोजचा निर्मिती अहवाल, कॉलशीट (कोणाला कधी बोलावलं तो कागद), पगारपत्रक, कॅमेरा अहवाल, आणि सर्वांत शेवटी प्रसिद्धीची पुस्तिका. पुस्तिका लोकांना दाखवायला असते, पगारपत्रक पैसे द्यायला. पैशाच्या कागदावर माणूस गाळता येत नाही.

सेन्सॉरच्या नोंदी विसरू नका. जर्मनीतल्या मूकपटांच्या सेन्सॉर कार्डांवर प्रत्येक मधल्या पाटीचा मजकूर आणि मीटरमध्ये लांबी आहे. हरवलेल्या पाट्या त्यावरून परत उभ्या केल्या जातात. आपल्याकडे १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर बोर्डं आली. लांबी फुटांत मिळाली की हिशेब सोपा आहे: २४ फ्रेमच्या वेगानं मिनिटाला ९० फूट, १६ च्या वेगानं ६० फूट. नोंदीतली लांबी आणि हातातलं रीळ यात मोठी तफावत असेल तर काय गळलं ते शोधा.

आणि ध्वनिमुद्रिका. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. लता मंगेशकरांचं ते गाणं. एवढा आवाज होता म्हणून गाणारी कोण अशी विचारणा झाली. समूहस्वरांतल्या बायकांबद्दल किंवा वादकांबद्दल विचारणा झाली नाही. तबकडीचा क्रमांक फक्त कागदी लेबलवरून घेऊ नका, लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही उतरवा. लेबल बदलतं, कोरलेलं बदलत नाही.

सायली_क

नावं बदलतात त्याचं काय करायचं? लग्नानंतरचं आडनाव, पडद्यासाठी घेतलेलं नाव…

कागदपत्रे

यात सर्वांत जास्त बायका हरवतात. आलिस गी हिनं १८९६ पासून गोमाँ या फ्रेंच कंपनीसाठी चित्रपट केले, अमेरिकेत १९१० मध्ये सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली. कागदांत ती कधी आलिस गी, कधी आलिस गी-ब्लाशे, कधी नुसती 'मादाम ब्लाशे' म्हणून येते. त्यात तिचा नवराही दिग्दर्शक, त्यामुळे 'ब्लाशे' एवढंच लिहिलेलं असेल तर श्रेय आपोआप त्याच्या खात्यात जातं. स्वतःच्या चित्रपटांची यादी जुळवण्यासाठी तिला म्हातारपणी पत्रव्यवहार करत बसावं लागलं. बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार सरस्वती देवी म्हणजे खुर्शीद मिनोचेर-होमजी. पारशी समाजाच्या विरोधामुळे नाव बदललेलं.

एका व्यक्तीची एकच नोंद करा. तिच्यात सगळी रूपं, प्रत्येक रूपापुढे ते कोणत्या कागदावर, कोणत्या वर्षी आढळलं ते लिहा. कागदावर जसं लिहिलंय तसंच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. 'श्रीमती अमुक' एवढंच असेल तर तेवढंच. नवऱ्याच्या नावावरून तिचं नाव शोधून काढलंत तर ते चौकटी कंसात, म्हणजे हे सूचीकारानं भरलेलं आहे हे कळतं.

मंदार_जोशीपुरा

न जोडलेलं फुटेज, रशेस वगैरे, यांचा उपयोग होतो का? बहुतेक ठिकाणी ते टाकून देतात.

रीळवाचक

फार होतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे बायोग्राफ कंपनीच्या निगेटिव्हमध्ये सात रिळं न जोडलेली होती. १९१३ चा, बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय नटाचा, कधीच पूर्ण न झालेला चित्रपट. २०१४ मध्ये तो लोकांसमोर आला. एकाच शॉटचे अनेक टेक आहेत. टेकच्या मधल्या वेळात कलाकार आणि दिग्दर्शक एकत्र दिसतात, सूचना देतात, हसतात, उभे राहण्याची जागा बदलतात. चित्रपट पूर्ण झाला असता तर हे सगळं कापून फेकलं गेलं असतं आणि ते कलाकार काम कसं करत होते हे आपल्याला दिसलंच नसतं.

दुसरं उदाहरण १८९८ चं. विल्यम सेलिगच्या छोट्या फिल्ममध्ये एक कृष्णवर्णीय जोडपं चुंबन घेतं आणि मनापासून हसतं. रिळाच्या भौतिक खुणांवरून त्याचा काळ ठरला, मग जुन्या सूच्यांशी ताडून पाहिलं, आणि सेंट सटल आणि गर्टी ब्राऊन ही दोन नावं परत मिळाली. २०१८ मध्ये ती फिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली. काठ आधी, सूची नंतर, नाव शेवटी.

त्र्यंबक_न

हे सगळं सूचीत कुठे लिहायचं? आमच्याकडच्या रकान्यांमध्ये 'दिग्दर्शक, कलाकार, वर्ष' एवढंच आहे.

भिंग

फियाफच्या (चित्रपट संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) सूचीपद्धतीत कलाकृती, तिचं रूपांतर, तिची आवृत्ती आणि प्रत्यक्ष वस्तू असे स्तर वेगळे आहेत. लीडर, काठ, जोड, झाकण हे सगळं वस्तूच्या स्तरावर जातं, कारण ते त्या एका प्रतीबद्दल आहे. अमुक व्यक्तीनं निगेटिव्ह कापली हे मात्र कलाकृतीकडे जोडायचं. तुमच्याकडे एवढे स्तर नसतील तर दोन रकाने वाढवा: 'प्रतीवरील खुणा' आणि 'पडद्यावर नसलेलं योगदान'. दुसऱ्यात तीन गोष्टी सक्तीच्या: नाव किंवा 'अज्ञात', काम, आणि पुरावा कशावर आहे. पडद्यावर, कागदावर, वस्तूवर की निव्वळ तर्क, हे चार शब्द ठरवून घ्या आणि त्याबाहेर जाऊ नका. 'अज्ञात' लिहायला कचरू नका. मोकळ्या रकान्याचा अर्थ कोणी नव्हतंच असा होतो, 'अज्ञात'चा अर्थ कोणीतरी होतं असा होतो.

प्रयोगशाळा

स्कॅनिंगच्या कामाची सूचना देताना हे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं पाळलं जात नाही:

छिद्रापासून छिद्रापर्यंत नाही, काठापासून काठापर्यंत पूर्ण रुंदी. पहिल्या प्रत्यक्ष इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत, लीडर आणि शेपटीसह, एकाच फाइल-मालिकेत. कच्च्या फाइलवर स्थिरीकरण, धूळ काढणं, रंग दुरुस्ती काहीही नाही. ध्वनिपट्टी काळ्या पट्टीनं झाकायची नाही. जोड यंत्रात उचकटला तर दुरुस्तीआधी दोन्ही टोकांचा फोटो. काठ वाचता यावा एवढं रिझोल्यूशन, आणि एक फूट नमुना स्कॅन करून काठावरचे क्रमांक वाचता येतात का ते पाहिल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही. काठ जास्त उजळ असल्यानं तो पांढरा फक होऊन जातो, त्यामुळे उजेड चित्रापुरता नाही, पूर्ण पट्टीसाठी बसवायला सांगा.

फाइल मोठ्या होतात, साठवण वाढते, आणि 'उपयोग नसलेला भाग' म्हणून लीडर गाळायचा आग्रह होतो. एका रिळाचा लीडर दहा-पंधरा फूट म्हणजे १६० ते २४० फ्रेम. १००० फुटांच्या तुलनेत नगण्य.

सायली_क

झाकणावर चिकटपट्टी आहे, तिच्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, अर्धं पुसलंय. रीळ नव्या डब्यात हलवायचं आहे. पट्टी काढू का?

रीळवाचक

ओढून काढू नका, वरचा थर अक्षरांसकट निघेल. आधी तिरप्या उजेडात चार बाजूंनी फोटो घ्या, पेन्सिलीचा दाब खाचेत दिसतो. मग पूर्ण झाकणच ठेवा. रीळ नव्या डब्यात जाऊ द्या, झाकणाला त्याच रिळाचा क्रमांक द्या आणि गंज रिळाला लागू नये म्हणून वेगळ्या पेटीत उभं ठेवा. फोटो इथे टाका, वाचायला आम्ही आहोत.